अक्कांच्या परसातला दयाळ

हे मी मराठीत लिहिते आहे त्याचं कारण भाषेचं प्रेम वगैरे नाही. इथं तमिळ मुलखात, आमच्या गल्लीत पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी चार घरं आहेत, पण देवनागरी वाचता येणारी मी एकटी. तमिळमध्ये लिहिलं असतं तर समोरच्या घरापासून कोपऱ्यावरच्या काप्पीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानापर्यंत कुणीही वाचलं असतं. मन मोकळं व्हावं आणि कुणाला कळूही नये, अशी ही सोय आहे. मी किती शूर बाई आहे ते इथंच ध्यानात यावं.

पक्षी बघायला लागून मला सहा वर्षं झाली. त्याआधी माझ्या लेखी पक्षी म्हणजे कावळा, साळुंकी आणि शेतातले पांढरे ते सगळे बगळे. मग एकदा पापनाशमच्या रस्त्यावर माझी मोपेड पंक्चर झाली. दुकानदार चाक काढून बसला होता, आणि मी कंटाळून कालव्याच्या कठड्याला टेकले होते. समोर पाण्यावर एक काळापांढरा पक्षी हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहिला, मान खाली घालून पाण्यात बघत राहिला आणि एकदम दगडासारखा खाली पडला. वर आला तेव्हा चोचीत मासळी. तो पुन्हा वर गेला, पुन्हा तसाच थांबला. चाक केव्हाच बसवून झालं होतं, दुकानदार दोनदा हाक मारून गेला होता. तो कवड्या धीवर होता हे मला नंतर कळलं. कचेरीत त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा लागली आणि मला तिचं काही वाटलं नाही.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की आमच्याकडचे कालवे भरतात, लावणीसाठी शेतं पाण्याखाली जातात, आणि मग जिकडे बघावं तिकडे पाखरं. कमळाच्या पानावरून लांब बोटं टाकत जाणारा कमळपक्षी मी पहिल्यांदा बघितला तेव्हा भर रस्त्यात एकटीच हसले होते. दुर्बीण जुनी होती, एका डोळ्याचं भिंग धुरकट होतं, आणि मला पक्ष्यांची नावंही येत नव्हती. नुसतं बघायचं. नवरा नोकरीमुळं नागपट्टणमला, शनिवारी येतो, मुलगी बंगळूरला. सकाळ पूर्ण माझी होती.

मग मी जिल्ह्यातल्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेले, मुलीनं मोठ्या लेन्सचा कॅमेरा दिला, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. तीस वर्षं सरकारी कचेरीत मला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, की मॅडम, फाइल कुठं आहे. आता लोक फोटो पाठवून विचारायचे, मॅडम, हा कोणता? मी चहा निवेपर्यंत उत्तर द्यायची नाही. लगेच दिलं तर किंमत राहत नाही.

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. विणीच्या दिवसांत फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो खाणंपिणं, घरटं, पिलं, सगळं सोडून त्या आवाजाशी भांडायला येतो. फोटो झकास मिळतो, पण पाखराचा संसार उघडा पडतो. हा नियम नव्या माणसांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. मी तो तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहून ठेवला होता, कुणी नवीन आलं की पाठवून द्यायची, आणि खाली हात जोडल्याचं चित्र. लोका सांगे ब्रह्मज्ञान, पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता अक्कांबद्दल सांगते. आमच्या परसाला लागून त्यांचं परस, मध्ये छातीइतकी उंच विटांची जुनी भिंत. अक्का संगीत शिकवायच्या. आधी तिरुवैयारुला होत्या, यजमान गेल्यावर इथं आल्या. लहानपणी मी सात वर्षं त्यांच्याकडं गाणं शिकले. सात वर्षांत मी रोज उशिरा गेले, रोज बोलणी खाल्ली आणि शेवटी त्यांनीच माझ्या आईला सांगितलं, की पोरीला शिवणकाम शिकवा. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, उजेड-अंधार तेवढा कळतो. विद्यार्थी एकेक करत बंद झाले. एक बाई दुपारी येऊन स्वयंपाक करून जाते. चेन्नैचा मुलगा दर रविवारी फोनवर सांगतो, अम्मा, इथं ये, सगळी सोय आहे. त्या दर रविवारी सांगतात, पाहूं.

त्या जात का नव्हत्या ते मला माहीत होतं, कारण रोज सकाळी ते माझ्या कानावर पडत होतं. साडेपाचला अक्का मागच्या ओसरीवर बसायच्या, श्रुतिपेटी लावायच्या आणि आकारात एक-एक ओळ सावकाश गायच्या. आवाज थकलाय, पण सूर अजून जागच्या जागी. एक ओळ झाली की त्या थांबायच्या. मग शेवग्याच्या शेंड्यावरून दयाळ गायचा. दयाळ म्हणजे तो काळापांढरा, शेपटी उभारून बसणारा पक्षी, तमिळमध्ये करिच्चान. लहानसा जीव, पण गळा असा की अख्खी गल्ली जागी होते. तो थांबला की अक्का पुढची ओळ घ्यायच्या. तीन वर्षं हे चाललं होतं. तो खरंच त्यांना उत्तर देत होता की त्याची गायची वेळच ती होती, यावर ग्रुपमध्ये मी लांबलचक मत दिलं असतं. अक्कांना मताची गरज नव्हती.

"आज त्याचा घसा बसलाय," त्या मला भिंतीवरून सांगायच्या, आमच्या इकडच्या जुन्या मराठीत, जिच्यात गातोय म्हणायचं तर गाऊलालाय म्हणतात. कधी म्हणायच्या, "आज नवीन काहीं तरी आणलेन त्यानें. कोठें ऐकून आला कोण जाणे." एकदा म्हणाल्या, "अस्कीं मुलें गेलीं, हा एक येतो. आणि वेळेवर येतो." अस्कीं म्हणजे सगळी, आणि शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं.

या वर्षी चैत्रात दयाळाच्या जोडीनं आमच्या सामाईक भिंतीतच घरटं केलं. अक्कांच्या बाजूला एक वीट निखळून भोक पडलं होतं, त्यात. मादी गवताच्या काड्या नेताना मी पाहिली आणि अक्कांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी स्वयंपाकाच्या बाईला पायसम करायला लावलं, मला वाटीभर दिलं आणि बजावलं, "तिकडे कोणास फिरकूं देऊं नको. तुला पाखरांतलें कळतें. तूंच पाहा." मी हो म्हणाले. ती राखण माझ्याकडं दिली होती, हे विसरायची सोय नाही.

पिलं अंड्यांतून बाहेर आली तेव्हा मला मोह झाला. दयाळाचा गातानाचा फोटो माझ्याकडं नव्हता. तो बसायचा शेवग्याच्या टोकाला, मागं आभाळ, फोटोत नुसता काळा ठिपका. आणि त्याच सुमारास ग्रुपमधल्या एका नव्या मुलीनं दयाळाचा असा फोटो टाकला होता, की उघड्या चोचीतली जीभसुद्धा दिसत होती. लोकांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. मनातून मात्र जळफळाट झाला, की काल आलेली पोर, आणि दयाळ माझ्या परसात.

एका सकाळी अक्कांचं गाणं संपून त्या आत गेल्या. मी आमच्या बाजूच्या धुण्याच्या दगडावर फोन ठेवला, दयाळाचा आवाज लावला आणि कॅमेरा घेऊन न्हाणीच्या दाराआड बसले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तो बाणासारखा आला, दगडावर उतरला, छाती फुगवली, शेपटी उभारली आणि फोनसमोर उभा राहून गळा फाडून ओरडायला लागला. मी फोटो काढत सुटले. मनाला सांगितलं, दोन मिनिटांचंच तर काम आहे. फोटो घरात जाऊन बघितले तर सगळ्यांत शेपटी हललेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. फोटो बरे आले, पण मागं माझी वाळत घातलेली साडी दिसत होती. तिसऱ्या दिवशी साडी काढून ठेवली, आणि हवा होता तसा फोटो मिळाला. चोच उघडी, डोळ्यात उजेडाचा ठिपका, जीभ दिसतेय. तिथं थांबायला हवं होतं. चौथ्या दिवशी मी का बसले याला माझ्याकडं काही कारण नाही. एका पंखावर फांदीची सावली आहे असं मला वाटलं, एवढंच. दहा-बारा मिनिटं मी तो आवाज चालू ठेवला. दयाळ फोनवर चोची मारत होता, उडून पुन्हा येत होता. आदल्या दिवसांपेक्षा तो बारीक दिसत होता हे मी लेन्समधून पाहिलं, आणि फोटोत छान दिसेल असा विचार केला.

तेवढ्यात अक्कांच्या बाजूच्या शेवग्यावर भारद्वाज येऊन बसला. तांबूस पंख, लाल डोळे. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं आहे, की भारद्वाज दिसला की हात जोडायचे, दिवस चांगला जातो. इथले तमिळ लोकही त्याला शुभ मानतात. मी कॅमेरा मांडीवर ठेवला, हात जोडले, डोळे मिटून क्षणभर काहीतरी मागितलंसुद्धा. मागितलं ते फोटोबद्दलच असणार. तो दुसऱ्यांची घरटी लुटतो, अंडी आणि पिलं खातो, हेही मला चांगलं माहीत आहे. मागच्याच वर्षी मी ग्रुपमध्ये त्यावर लिहिलं होतं. पण त्या क्षणी आईनं शिकवलेलं आठवलं आणि पुस्तकातलं आठवलं नाही. मी पुन्हा कॅमेऱ्यात डोळा घातला.

मादीची चिरचिर ऐकू आली तेव्हा मला वाटलं, तीही आवाजाला आली. मग ती थांबेना. मी उठून भिंतीवरून पाहिलं. भारद्वाज भिंतीच्या भोकाशी पंख पसरून लटकला होता आणि मान आत होती. मी ओरडले, चप्पल फेकली. तो सावकाश उडाला, चोचीत काहीतरी लोंबत होतं. भोकातून आता काहीच आवाज येत नव्हता. मादी नारळावर बसून एकसारखी ओरडत होती. आणि मागं वळून पाहिलं तर नर अजूनही धुण्याच्या दगडावर माझ्या फोनशी भांडत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. मी धावत जाऊन फोन बंद केला. तो दगडावर इकडं तिकडं बघत राहिला.

त्या सकाळी मी कचेरीला वेळेवर गेले. तिसऱ्या दिवसाचा फोटो मी आदल्या दुपारीच ग्रुपमध्ये टाकला होता. तो मी काढून टाकला नाही, हेही सांगते. संध्याकाळपर्यंत साठ जणांनी वाहवा केली, आणि त्या नव्या मुलीनं विचारलं, मॅडम, इतक्या जवळून कसा मिळाला? मी लिहिलं, धीर धरावा लागतो.

दोन दिवस नर शेवग्यावर दिसला, पण गायला नाही. तिसऱ्या दिवसापासून जोडी दिसेनाशी झाली.

त्या सकाळी अक्कांनी श्रुतिपेटी लावली, एक ओळ गायली आणि थांबल्या. शांतता. पुन्हा तीच ओळ गायली, पुन्हा थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी काप्पीचं फिल्टर हातात धरून उभी होते. थोड्या वेळानं हाक आली.

"काय गे, करिच्चान कोठें गेला?"

"मोसम सरला, अक्का," मी म्हणाले. "पिलें उडालीं कीं जातात तीं."

"मागच्या वर्षीं आषाढापर्यंत, आडी महिना लागेपर्यंत, गाऊलाला होता."

"दर वर्षीं सारखें नसतें."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला असं मी धरलं, कारण मला पाखरांतलं कळतं. मी आत आले आणि काप्पी ओतताना हात भाजून घेतला. बरं झालं, असं वाटलं.

पुढचे पंधरा दिवस मला नकोसे झाले. अक्का बसायच्या साडेपाचला, पण चार ओळींच्या दोन झाल्या, दोनची एक. काही दिवस तर श्रुतिपेटीच वाजत राहायची आणि त्या नुसत्या बसलेल्या. स्वयंपाकाची बाई म्हणाली, जेवण उरतंय. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी पाहूं म्हटलं नाही. म्हणाल्या, तूं येऊन घेऊन जा. भिंतीच्या अलीकडं कपडे वाळत घालताना मी ते ऐकलं.

खरं सांगून टाकायची वेळ तेव्हाही होती. भिंतीशी जायला दोन पावलं लागतात. मी काय केलं, तर दुकानातून मुठीएवढा ब्लूटूथचा स्पीकर आणला. तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं ठेवला, म्हणजे आवाज वरून येईल. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला उठून फोन घेऊन खिडकीशी उभी राहिले. अक्कांची एक ओळ झाली, त्या थांबल्या, आणि मी बोट दाबलं.

खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मान वर केली. बराच वेळ तशाच राहिल्या. मग पुढची ओळ घेतली.

अकरा दिवस मी हे केलं. त्यातल्या लाजेपेक्षा जास्त लाज मला आता ज्याची वाटते ते हे, की मला ते आवडायला लागलं होतं. कुठं थांबतील, किती वेळ देतील, पुन्हा कुठं घेतील, सगळं मला कळायला लागलं. त्यांचा श्वास सुटला की मी बोट ठेवायची, त्यांनी श्वास घेतला की उचलायची. जे सात वर्षं शिकवून जमलं नाही ते आता जमत होतं. अक्का पुन्हा पाच-सहा ओळी गायला लागल्या होत्या. मला वाटायचं, चला, भरपाई झाली. एखादा खरा दयाळ या आवाजाला येईल आणि इथंच राहील, अशीही एक वेडी आशा होती. मग सगळंच रीतसर होऊन गेलं असतं, कुणाला ताकास तूर न लागता. एकही आला नाही.

बाराव्या दिवशी रविवार होता. गाणं झाल्यावर अक्कांनी हाक मारली. मी त्यांच्या ओसरीवर गेले. त्यांनी शेजारी बसायला सांगितलं, चटईवर हात फिरवून जागा दाखवली.

"आडी लागायच्या आधीं मुलगा येऊलाला आहे," त्या म्हणाल्या. "मी चेन्नैला जातें. घराची किल्ली तुझ्याकडे ठेवीन म्हणतें."

मी ज्याला भीत होते तेच झालं होतं.

"कशास जातां, अक्का?" मी म्हणाले. "करिच्चान परत आलाय की. रोज गाऊलालाय. तिकडे फ्लॅटांत काय ऐकणार?"

अक्कांनी श्रुतिपेटीचं बटण चाचपून ती बंद केली. मग शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या मागें एक कुत्रें भुंकतें."

मला कळलं नाही.

"तीन वेळां शीळ घालतो, मग दूरवर एक कुत्रें भुंकतें. रोज. आपल्या गल्लींत तसें कुत्रें नाहीं." त्या थोड्या हसल्या. "पहिल्या दिवशींच कळलें मज. आणि करिच्चान माझी चूक झाली कीं गप्प राहायचा. हा राहत नाहीं. पाठ केलेलें म्हणतो, तूं म्हणायचीस तसें."

मी तो आवाज अकरा दिवस रोज ऐकला होता. पक्ष्यांच्या आवाजावर मी शाळेत जाऊन मुलांना व्याख्यान दिलं आहे. त्या रेकॉर्डिंगमधलं कुत्रं मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही गाऊलालां कां होतां?" मी विचारलं.

"तूं माझ्यासाठीं पहाटे उठूलालीस. सात वर्षांत एक दिवस वेळेवर आली नव्हतीस. म्हटलें, येऊं दे पोर."

मी खाली मान घातली. तेव्हासुद्धा, देवा, तेव्हासुद्धा मला वाटलं, एवढ्यावर भागलं. स्पीकरचं कळलं, त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, मायाच वाटली. मागचं झाकलेलंच राहील. एवढ्यात त्यांनी विचारलं, "आतां खरें सांग. तो कोठें गेला?"

"मांजर," मी म्हणाले. "मांजरानें घरटें मोडलें, अक्का. तुम्हांस वाईट वाटेल म्हणून सांगितलें नाहीं."

हे खोटं इतक्या सहज आलं की मला माझंच नवल वाटलं. गल्लीतल्या मांजरावर मी ते ढकललं आणि वर मायेचं पांघरूण घातलं.

अक्का म्हणाल्या, "तो जाण्याआधीं चार दिवस, मी आंत गेल्यावर, तुझ्या परसांत तेंच कुत्रें भुंकूलालें होतें."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. पोरवयात त्यांच्यासमोर बेसूर झाले की त्या नुसत्या थांबायच्या आणि वाट बघायच्या, आपणहून पुन्हा म्हणेपर्यंत. तशाच आता थांबल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या ओसरीवर कळलं. एवढे दिवस त्यांना सगळं माहीत होतं. मी मोसमाचं सांगितलं तेव्हाही माहीत होतं, आणि त्यांनी मान हलवली होती.

मग मी सांगितलं. दगड, फोन, न्हाणीचं दार, चारही दिवस. साडी कशी काढून ठेवली तेसुद्धा. भारद्वाजाला हात जोडले ते सांगताना माझा आवाज फुटला. नर दगडावर फोनशी भांडत राहिला होता ते सांगितलं. मला ग्रुपमध्ये किती मान आहे ते नाही सांगितलं, पण फोटोला वाहवा मिळाली ते सांगितलं. मी बोलायची थांबले तेव्हा ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. मला वाटलं, आता त्या मला ऊठ म्हणतील, किंवा जाऊं दे म्हणतील. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

"पिलें किती होतीं?" त्यांनी विचारलं.

त्या चार सकाळी मी शेकड्यांनी फोटो काढले होते. नराच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका कितव्या फोटोत बरोबर पडलाय ते मला पाठ होतं. पण भिंतीच्या त्या भोकात मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. राखण माझ्याकडं होती, आणि आत किती जीव आहेत ते मला ठाऊक नव्हतं.

"मज माहीत नाहीं, अक्का," मी म्हणाले.

"तीन," अक्का म्हणाल्या. "एकाचा आवाज जरा बारीक होता. त्याला शेवटीं मिळायचें."